सांडशी घ्यायला जाताना टोप सोबत न्या

गेल्या रमजानमधली गोष्ट आहे. अजानला दहा-बारा मिनिटे राहिली होती. दस्तरखान मांडून झाले होते, मुले खजूर मोजत बसली होती आणि अम्मी शेवयांच्या खिरीचा टोप गॅसवरून उतरवत होत्या. रोजचीच सांडशी, रोजचाच टोप. सांडशीचा एक जबडा रिबिटाभोवती किंचित फिरला, टोप कलंडला आणि उकळती खीर अम्मींच्या मनगटावर आणि पायावर सांडली.

कोणी टूथपेस्ट आणायला धावले, कोणी बर्फ. आमच्या नववीतल्या पुतणीने मात्र सगळ्यांना बाजूला सारले, अम्मींचा हात धरून मोरीतल्या नळाखाली नेला, बांगड्या काढल्या आणि वीस मिनिटे पाणी सोडून ठेवले. पायावर तांब्याने पाणी ओतत राहिली. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला तिला हेच शिकवले होते. त्या दिवशी आमचा रोजा नळापाशी उभ्या उभ्या सुटला. डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच आणि भरपूर सोडले म्हणून जखम खोल गेली नाही. तीन आठवड्यांत ती भरली. मनगटावर डाग राहिला, तो अजून आहे.

ती सांडशी आम्ही दुसऱ्या दिवशी हातात घेऊन नीट पाहिली. रिबिट इतके झिजलेले, की दोन्ही दांडे बाजूला डुलत होते. मुठीपाशी तार गुंडाळलेली होती. ही तार अम्मींनीच दोन वर्षांपूर्वी गुंडाळली होती. त्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "हिचं रिबिट सैल झालंय रे, येताना एक आणा." आम्ही "आणू" म्हणालो होतो. पुढे आणखी एकदा म्हणाल्या, तेव्हाही आम्ही "आणू" म्हणालो. त्या दोन वर्षांत आमच्या घरात नवा मिक्सर आला, पाण्याचा फिल्टर आला, दोन मोबाइल आले. सांडशी तेवढी आली नाही. स्वयंपाकघरात जी वस्तू सर्वांत स्वस्त, तिची आठवण सर्वांत शेवटी येते. जो तिने काम करतो तो बाजारात जात नाही आणि जो बाजारात जातो त्याच्या हाताला ती लागत नाही.

म्हणून या महिन्याचे पान चिमटा आणि सांडशी यांसाठी ठेवले आहे. विषय लहान वाटेल. पण घरातल्या प्रत्येक टोपाचा भार दिवसातून निदान चार-सहा वेळा याच वस्तूवर असतो.

उर्दूत चिमट्याला एक सुंदर शब्द आहे, दस्तपनाह. दस्त म्हणजे हात, पनाह म्हणजे आसरा. हाताला आसरा देणारा तो दस्तपनाह. मुन्शी प्रेमचंद यांच्या 'ईदगाह' कथेत छोटा हमीद ईदच्या जत्रेत आपल्या जवळचे तीनच पैसे खेळण्यावर किंवा मिठाईवर न घालवता दादीसाठी जी वस्तू घेतो, ती हिंदी पुस्तकात 'चिमटा' म्हणून येते आणि उर्दूत 'दस्तपनाह' म्हणून. तव्यावरून रोटी उतरवताना दादी अमीनाची बोटे भाजतात, हे त्या पोराने पाहिलेले असते. मराठीतल्या सांडशीचे मूळ संस्कृतातल्या 'संदंश' या शब्दात आहे. त्याचा अर्थ दोन बाजूंनी चावून धरणारे. एक शब्द हाताकडे बघतो आणि दुसरा भांड्याकडे. चांगल्या वस्तूत दोन्ही गोष्टी हव्यात. भांडे सुटता कामा नये आणि हात भाजता कामा नये.

ही कथा आम्ही वर्गात अनेकदा शिकवली आहे. यंदा एका मुलीने विचारले, "हमीदच्या घरी दादीशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. आमच्या घरी सात माणसं आहेत, तरी अम्मी पदरानेच टोप उतरवते. असं का?" आमच्याही घरी सातच माणसे आहेत. आम्ही तिला उत्तर दिले नाही, घरी येऊन हे पान लिहायला घेतले.

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट, चिमटा आणि सांडशी ही दोन वेगळी हत्यारे आहेत. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवले, तेव्हा आम्हालाही नव्याने कळले. मुलांच्या पुस्तकात तरफेचे तीन प्रकार असतात. सांडशी हा पहिला प्रकार. मध्ये टेकू म्हणजे रिबिट, एका बाजूला भांड्याचा काठ, दुसऱ्या बाजूला आपला हात. रिबिटापासून जबडा चार सेंटिमीटर आणि रिबिटापासून मूठ चौदा सेंटिमीटर असेल, तर आपण लावलेला जोर जबड्यापाशी साडेतीन पट होतो. म्हणून सांडशी भरलेला टोप धरू शकते.

चिमटा हा तिसरा प्रकार. त्याचा टेकू मागच्या वाकणात, जोर मध्ये आणि वस्तू पुढच्या टोकाला. पंचवीस सेंटिमीटरचा चिमटा आपण वाकणापासून दहा सेंटिमीटरवर धरला, तर टोकाला आपल्या जोराचा पाचातला दोनच भाग पोहोचतो. म्हणजे चिमटा जोर वाढवत नाही, उलट कमी करतो. त्याच्या बदल्यात तो हाताला विस्तवापासून लांब ठेवतो आणि नाजूक वस्तू न चिरडता उचलतो. भाकरी, पापड, निखारा, तळणीतली पुरी ही त्याची कामे. चिमट्याने दुधाचे पातेले उतरवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत सांडशी सापडली नाही की चिमटाच पुढे केला जातो. ते आजपासून बंद करा.

यातूनच लांबीचाही निकाल लागतो. चिमटा जितका लांब तितकी टोकाची पकड सैल. तांदळाची भाकरी तव्यावरून उचलून विस्तवावर फुगवायला आठ-नऊ इंची चिमटा पुरतो. ईदला कबाबची शेगडी पेटवायची, बिर्याणीच्या डेगच्या झाकणावर निखारे ठेवायचे किंवा सालनाला कोळशाची धुनी द्यायची, तर बारा इंची किंवा त्याहून लांब हवा. एकाच मधल्या मापाचा चिमटा घेतला तर तो दोन्ही कामांना अपुरा पडतो. त्यापेक्षा दोन घ्यावेत.

आता धातू. बाजारात स्टीलच्या नावाने जे मिळते ते सगळे एक नसते. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते, म्हणून त्याला १८/८ असेही म्हणतात. ते ओलाव्याला आणि आंबट पदार्थांना सर्वांत चांगले टिकते. २०१ आणि २०२ या नंबरांत निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. ते स्वस्त पडते, दिसायला तसेच चकचकीत असते, पण मीठ-पाण्यात लवकर डागाळते. ४३० नंबरमध्ये निकेल जवळजवळ नसते आणि त्याला लोहचुंबक चिकटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल" असे दुकानदार सांगतात. चुंबक ३०४ ला चिकटत नाही हे खरे, पण २०२ लाही चिकटत नाही. शिवाय ३०४ ची पट्टी थंड असतानाच वाकवली असेल, तर वाकणापाशी चुंबक थोडे ओढ घेऊ शकते. तेव्हा चुंबकाने ४३० ओळखता येते, ३०४ सिद्ध होत नाही. वस्तूवर नंबर कोरलेला असेल तर पाहावा, बिलावर लिहून मागावा. आणि खरे सांगायचे तर सांडशी-चिमट्यात नंबरापेक्षा पट्टीची जाडी आणि रिबिट जास्त महत्त्वाचे. हे काही रात्रभर चिंच भिजवण्याचे भांडे नव्हे. पातळ पट्टीची ३०४ ची सांडशी भरल्या टोपाखाली वाकेल, जाड पट्टीची २०२ ची वाकणार नाही.

एक तपासणी मात्र चुकवू नये. सांडशी स्टीलची आणि रिबिट लोखंडी, अशी जोडी पुष्कळदा मिळते. पावसाळ्यात आपल्या शहापूर-मुरबाडकडे चार महिने भिंतींना ओल असते. पहिला गंज त्या रिबिटालाच चढतो आणि मग तेच झिजते. दुकानात चुंबक न्यायचेच असेल तर ते रिबिटाला लावून बघा.

ॲल्युमिनियमची सांडशी हलकी आणि स्वस्त असते, पण तो धातू मऊ. जबड्याचे दाते वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होतात आणि गुळगुळीत जबडा म्हणजे घसरलेला टोप. मुठीवर प्लॅस्टिकची नळी चढवलेली असेल तर ती ओढून आणि पिळून पाहा. उष्णतेने ती सैल होते आणि ऐन वेळी हातात फिरते. सिलिकॉनच्या टोकाचे चिमटे नॉनस्टिक भांड्यांसाठी ठीक, पण गॅसच्या ज्योतीवर भाकरी फुगवायला मुळीच वापरू नयेत. त्यापेक्षा नॉनस्टिकसाठी बांबूचा चिमटा उत्तम.

आमची नवी सांडशी आम्ही कल्याणहून आणली. पण या वेळी अम्मींना सोबत नेले आणि पिशवीत घरातला टोपही नेला, तोच खिरीचा. आटगावला लोकलमध्ये बसताना शेजारच्या खाला हसल्या, "टोप घेऊन कुठे निघालात?" दुकानदारही हसला. मग त्याच्या लक्षात आले, की ही गिऱ्हाइके ऐकणारी नव्हेत. त्याने टोपात पाणी भरून दिले. आम्ही ज्या रीतीने सांडशा पारखल्या, ती इथे देत आहोत.

सांडशी मिटवून उजेडासमोर धरावी. दोन्ही जबडे सगळ्या लांबीत एकमेकांना टेकले पाहिजेत. एका बाजूने उजेड दिसला तर ती काठ एकाच टोकावर धरणार. मग दोन्ही दांडे दोन हातांत धरून वर-खाली हलवावेत. उघड-मीट होते ती दिशा सोडून दुसऱ्या कुठल्याही दिशेला हालचाल नको. वीस वेळा उघडून मिटवावी. अडखळली तर नको आणि स्वतःच्या वजनाने फटकन उघडली तरी नको. टोपाचा काठ जबड्यात धरून मूठ आवळावी. त्या वेळी दोन दांड्यांमध्ये बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर तळहाताची कातडी चिमटते. सुती रुमाल कडांवरून फिरवावा. धागा अडकला तर ती कड उद्या बोटही कापेल. आणि शेवटी पाणी भरलेला टोप उचलून दहा आकडे मोजावेत. हे काम घरात जो स्वयंपाक करतो त्यानेच करावे. आमच्या हाताला जी सांडशी छान वाटली, ती अम्मींनी बाजूला ठेवली. "तुमचा पंजा मोठा आहे," म्हणाल्या, "मला एवढी फाकवता येत नाही." वय झालेल्या, सांधे दुखणाऱ्या हाताला कमी फाकणारी आणि लांब दांड्याची सांडशी हवी. ती तिसऱ्या दुकानात मिळाली.

टोपाच्या काठाकडेही पाहावे. ॲल्युमिनियमच्या टोपाचा काठ जाड, स्टीलच्या पातेल्याचा पातळ, आणि काही भांड्यांचा काठ बाहेर वळलेला असतो. एकच सांडशी सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्या भांड्यात रोज दूध किंवा डाळ उकळते, त्याच्यावर बसणारी घ्यावी. मोठा, पाच-सात लिटरचा टोप एका सांडशीने उचलूच नये. दोन कानांचे भांडे घ्यावे, नाहीतर दोन्ही बाजूंनी दोन सांडशा लावाव्यात.

चिमट्याची गोष्ट वेगळी. तो आम्ही पौषात म्हशाच्या यात्रेत घेतला. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी सगळ्या ठाणे जिल्ह्यात माहीत आहे. आमच्या वडिलांच्या काळापासून वर्षभराचे लोखंड आम्ही यात्रेतच घेतो. घिसाडी समाजाची पाले रस्त्याकडेला पडतात. पुरुष सांडसाने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि बाई दोन्ही हातांनी घण मारते. चिमट्याची पट्टी लाल करून ठोकायची, टोके चपटी करायची, मग मध्यावर वाकवायची. ज्यांच्या घरच्या सांडसाशिवाय कोणाचाच चिमटा घडत नाही, त्यांच्या हातांवर मात्र ठिणग्यांचे बारीक डाग दिसतात. भाव करण्यापूर्वी आपण ते डाग पाहावेत असे आम्हाला वाटते. अम्मींनी तसा भाव केला नाही, पण दोन चिमटे परत केले. एक दाबायला फार कडक होता. दुसऱ्याची टोके एकमेकांना ओलांडून जात होती. तिसरा त्यांनी पालातल्या बाईकडून समोरच थोडा ठोकून घेतला. दुकानात हे होत नाही.

चिमट्यात जीव असतो तो वाकणात. घेताना तिथे बारीक चीर नाही ना, ते नखाने पाहावे. टोके पुन्हा पुन्हा दाबून सोडावीत. दर वेळी ती पहिल्या जागेवर परत आली पाहिजेत. घरी आणल्यावर चिमटा विस्तवात किंवा पेटत्या बर्नरवर ठेवून विसरू नये. पट्टी लाल होऊन गार झाली की तिचा ताठपणा जातो आणि चिमटा पसरलेलाच राहतो. लोखंडी चिमटा धुतल्यावर लगेच पुसावा आणि पावसाळ्यात तेलाचे बोट फिरवावे. स्टीलवर निळसर-पिवळी झाक आली तर घाबरू नये, ती तापल्याची खूण आहे, गंज नव्हे. कच्चे मटण-कोंबडी उलटण्याचा चिमटा आणि शिजलेले वाढण्याचा चिमटा वेगळे ठेवावेत, नाहीतर मध्ये साबणाने धुवावा. कुर्बानीच्या दिवसांत घाईत हेच राहून जाते.

दोन गोष्टी सवयीच्या. ओल्या फडक्याने गरम भांडे धरू नये. पाण्यातून उष्णता फार लवकर हाताला पोहोचते, म्हणून कोरडे जाड फडके बरे. आणि टोप उचलण्याआधी तो कुठे ठेवायचा ती जागा मोकळी करावी. अम्मींच्या त्या दिवशी ओट्यावर भज्यांची परात होती. टोप हातात घेऊन त्या जागा शोधत उभ्या राहिल्या, त्यातच रिबिट फिरले.

एवढे करूनही कोणाला भाजलेच, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, बांगड्या-अंगठी सूज येण्याआधी काढणे, आणि वरून स्वच्छ कोरडे कापड. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही नको. फोड मोठे असतील, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर घरी थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

जुनी सांडशी आम्ही भंगारात दिली. बाजूला ठेवली असती तर कोणीतरी तार गुंडाळून पुन्हा वापरली असती. हे लिहून झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "अम्मी, आणखी काय सैल झालंय?" त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "विळीचं पातं हलतंय. बघा, आठवण राहिली तर."

विळी या महिन्यातच आणतो आहोत. तुम्हीही आज हे पान मिटवल्यावर घरात एकदा हाच प्रश्न विचारून पाहा.